आमच्याकडे आरी म्हणजे राजा

माझा भाऊ पियोंग चांगला गातो, असं आमच्या आंजेलेसमध्ये कुणी कधी म्हटलं नाही. म्हणायचे, अगदी अमक्यासारखा गातो. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने उगाच पुढे ऐकायचे कष्ट घेऊ नयेत. मी त्याची थोरली बहीण, इलुमिनादा गुआनलाओ. सगळं गाव मला आत्सी लुमिंग म्हणतं. आत्सी म्हणजे आमच्याकडची ताई. अमेरिकनांच्या हवाई तळाच्या फाटकासमोर माझी खाणावळ होती. खाणावळ अजून आहे, अमेरिकन गेले.

आमची इमा, म्हणजे आई, तळावरच्या सैनिकांचे कपडे धुवायची. अंगणात दोऱ्यांवर ओल्या चादरी, आणि चादरींच्या आडोशाला पियोंग रेडिओ पोटाशी धरून बसलेला. त्याला इंग्रजीत दोन अंडी मागता येत नव्हती. पण गायला लागला की कपडे न्यायला आलेला गोरा दचकून मागे बघायचा, आपल्या गावचा कोण इथे आला म्हणून. गाण्याचा अर्थ विचारला तर पियोंग म्हणायचा, "आत्सी, अर्थ त्यांचा, आवाज माझा." आवाजही त्याचा नव्हता, पण हे कळायला त्याला बरीच वर्षं लागली.

आमच्याकडच्या वादकांचा एक शब्द आहे, प्लाकादो. प्लाका म्हणजे गाण्याची तबकडी. तबकडीवर जसं आहे तसंच्या तसं, काना-मात्रेचा फरक न करता वाजवलं की ते प्लाकादो. तळाबाहेरच्या क्लबांमध्ये नोकरी मिळायची ती यावरच. पियोंग गायचा आणि बेस गिटार वाजवायचा, त्याचा दोस्त तिनोंग ड्रमवर, आणि मोठ्या गिटारीवर आमच्या शेजारचा एन्यो. हा एन्यो चष्मा लावायचा म्हणून त्याला अक्कल आहे असा सगळ्यांचा समज होता. एकदा त्याने जुन्या बाजारातून एक तबकडी आणली. तिच्यावर चरा होता. दुसऱ्या कडव्यात सुई उडी मारायची आणि दोन शब्द गिळून पुढे जायची. या शहाण्यांनी ती उडीसुद्धा बसवली. तिघेही एकदम, श्वासाचासुद्धा फरक नाही. क्लबमध्ये वाजवलं तेव्हा अमेरिकनांची हसून मुरकुंडी वळली. मालक धावत आला, तर पियोंग शांतपणे म्हणाला, "प्लाकात तसंच आहे."

असे ते होते. त्यांच्यासारखी नक्कल अख्ख्या लुसोन बेटावर कुणाची नव्हती, हे मी बहीण म्हणून बोलत नाही. बहीण म्हणून मी त्याचं कौतुक कमीच केलंय.

एक दिवस दुपारी तो खाणावळीत आला आणि भाताच्या ताटासमोर नुसता बसून राहिला. मी विचारलं, "काय रे, पोट बिघडलं का?" म्हणाला, "काल एक दांडगा सार्जंट माझ्या गळ्यात पडून रडला, आत्सी. म्हणाला, डोळे मिटले की वाटतं तूच तो." मी म्हटलं, मग चांगलं आहे की. तो म्हणाला, "चांगलं काय? तो माझ्या गळ्यात पडला, पण माझ्यासाठी रडला नाही." मग भातात चमचा फिरवत म्हणाला, "आपलीही एक प्लाका पाहिजे. कुठल्यातरी गावात कुणीतरी बसून मला प्लाकादो गायला पाहिजे. मग मी मरायला मोकळा." मी त्याला म्हटलं, आधी जेव, मग मर. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या पियोंगला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं, ना घर ना गाडी. जमिनीचा तुकडा दाखवला तरी तो तिथे आवाज कसा घुमेल ते बघायचा.

मग पिनातुबोचा ज्वालामुखी फुटला. त्या दिवशी भर दुपारी दिवे लावावे लागले, आणि आभाळातून राख पडली, तीही ओली. छपरं त्या भाराने बसत होती, म्हणून गावातले सगळे पुरुष छपरांवर चढून फावड्याने राख ढकलत होते. तोवर अमेरिकन विमानं आणि माणसं घेऊन गेले होते, ते काही परत यायला तयार नव्हते. क्लबांना कुलपं लागली. पियोंग आमच्या छपरावर, एन्यो आणि तिनोंग शेजारच्या. तिनोंगने डोक्यावर माझी भाजी निथळायची चाळणी घातली होती, दगड लागू नये म्हणून. मी खालून ओरडले, "माझी चाळणी खाली दे, महाराज." तेवढ्यावरून पियोंगला गाणं सुचलं. तिथेच छपरावर, फावड्यावर हात ठेवून त्याने पहिल्या दोन ओळी म्हटल्या: जिथवर नजर तिथवर माझं राज्य, आणि सगळं राज्य फुंकरीने उडेल एवढं. नाव ठेवलं 'हारी नांग आबो'. तागालोगमध्ये हारी म्हणजे राजा आणि आबो म्हणजे राख. राखेचा राजा.

आमची भाषा कपांपांगान. तागालोग ही मनिलाकडची. पियोंगला गाणं आपल्या भाषेत करायचं होतं. पण एन्यो चष्मा पुसत म्हणाला, "रेडिओ मनिलाचा, तबकडीवाले मनिलाचे. कपांपांगान गाणं घेणार कोण, तुझी आत्सी?" मी म्हटलं, आत्सी घेईल, पण उधारीवर. म्हणून मग तागालोग.

बँडचं नाव मी ठेवलं. भात आणि मासा एकत्र आंबवून आम्ही बुरो करतो. वास असा की मनिलाचा पाहुणा नाकाला रुमाल लावून पळतो, आणि आमच्या माणसाला त्याशिवाय घास उतरत नाही. मी म्हटलं, नाव ठेवायचं तर बुरो ठेवा, ज्याला झेपेल तो येईल. तिघांना ते फारच पसंत पडलं.

त्या काळात मनिलात बँडांचं पेव फुटलं होतं. कॉलेजच्या पटांगणांवर दर शनिवारी कुणी ना कुणी वाजवत असे. आमचे तिघे बसने जायचे, राख खाऊन खाऊन खोकणारे ढोलताशे घेऊन. पहिल्याच वेळी 'हारी नांग आबो' सुरू झालं आणि पोरंपोरी हसायला लागली. साधं नाही, एकमेकांना टाळ्या देऊन. गाणं संपल्यावर पुन्हा तेच म्हणा म्हणून ओरडा. परत आल्यावर तिनोंग मला सांगत होता, "आत्सी, आम्ही आवडलो. इतके आवडलो की लोक हसूच थांबवेनात." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. राखेच्या गाण्यावर कोण हसतं?

त्या हशामुळेच एका छोट्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे आला. मिस्टर इलुस्त्रे त्याचं नाव. पांढरे बूट, बोटात अंगठी, बोलणं गोड. म्हणाला, तुमचं गाणं ध्वनिमुद्रित करू. पियोंगने मला तळणातून उठवून मिठी मारली, माझा झारा हातातच होता. मी म्हटलं, मी पण येणार. एक म्हणजे हे तिघे मनिलाचं जेवण जेवत नाहीत. तिकडे मटणात साखर घालतात की काय देव जाणे. आणि दुसरं म्हणजे अंगठीवाल्या माणसावर माझा विश्वास नाही.

स्टुडिओत पहिल्याच तासाला घोटाळा झाला. इलुस्त्रे कागद वाचून म्हणाला, "तुमचे गिटारवादक मिस्टर हेन्यो कुठे आहेत?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, असा कुणी नाही आमच्यात. एन्यो चष्मा सावरत पुढे आला आणि म्हणाला, "मीच तो." त्याचं खरं नाव एउहेन्यो, त्यावरून हेन्यो. जन्मापासून शेजारी राहतो, पण त्याच्या नावात ह आहे हे मला त्या दिवशी कळलं. इलुस्त्रेने कपाळाला हात लावला आणि मग त्याने आम्हाला बसवून सगळं सांगितलं.

आमच्या पांपांगा प्रांतात ह हे अक्षर असायला हवं तिथे नसतं आणि नसायला हवं तिथे येऊन बसतं. आमच्या तोंडाची घडणच तशी. आणि गंमत म्हणजे आम्हाला ते ऐकू येत नाही. आता मी हे सांगतेय तेही माझ्या तोंडून तसंच येत असणार. तुम्हाला ह जागच्या जागी दिसत असतील तर ती लिहून घेणाऱ्याची कृपा. तर पियोंग 'हारी नांग आबो' म्हणतोय असं त्याला वाटत होतं, आम्हालाही वाटत होतं. प्रत्यक्षात तो गात होता 'आरी नांग हाबो'. आता हाबो म्हणजे काहीच नाही, त्याचं काही नाही. पण आरी म्हणजे तागालोगमध्ये, कसं सांगू, पुरुषाच्या चड्डीत जे असतं ते.

तिनोंग पोट धरून जमिनीवर बसला. एन्यो लाल झाला. पियोंगचा चेहरा मात्र पांढरा पडला. तो म्हणाला, "म्हणजे ते सगळे त्याला हसत होते?" इलुस्त्रे म्हणाला, "पटांगणावर ठीक आहे, मजा येते. तबकडीवर असं चालणार नाही. रेडिओ लावायचा नाही. ह नीट पाहिजे."

आणि ऐका, हाच पियोंग इंग्रजी गाणी गायचा तेव्हा एक ह चुकला नव्हता. कारण तिथे ऐकायला तबकडी होती. ती जसं म्हणेल तसं तो म्हणायचा. आपल्या गाण्याला मात्र आधीची तबकडीच नव्हती. इथे त्याचं स्वतःचं तोंड उघडलं आणि आमची इमा, आमची गल्ली, सगळं बाहेर आलं. मला तर त्याचा अभिमान वाटला. पण अभिमानावर तबकडी निघत नाही.

इलुस्त्रेने एक बाई आणली, मिस पेर्लिता. पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायची, बोलताना ओठ असे हलवायची जसे कुणी बहिऱ्याशी बोलतंय. तिने पियोंगच्या तोंडासमोर मेणबत्ती धरली. हारी म्हटलं की ज्योत हलली पाहिजे, आबो म्हटलं की हलता कामा नये. माझा भाऊ, ज्याला ऐकून सार्जंट रडला, तो सकाळभर मेणबत्तीशी भांडत होता. हारीला ज्योत जागची हलेना आणि आबोला विझायची. मध्येच त्याने असा जोर लावला की मिस पेर्लिताची पुढची बट जळता जळता वाचली. दुपारपर्यंत त्याला कसंबसं जमलं. 'हारी नांग आबो' अगदी स्वच्छ निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने तसं अख्खं गाणं म्हटलं, आणि मी ऐकलं. देवाशपथ सांगते, शाळेत प्रार्थना म्हणतात तसं वाटलं. एकेक ह जपून जपून टाकलेला, आणि गाणं कुठेच नाही. फावडं नाही, छप्पर नाही, तिनोंगच्या डोक्यावरची चाळणी नाही. इलुस्त्रेलाही ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, "आपण असं करू. वाजवाल तुम्ही. गाईल आमचा मुलगा, मनिलाचा आहे, आवाज चांगला आहे. नाव बुरोचंच राहील." तो मुलगा बाहेर बाकावर बसूनच होता, केस खांद्यापर्यंत, हातात थंड पेयाची बाटली. म्हणजे अंगठीवाल्याने आधीच ठरवलं होतं.

पियोंग एवढंच म्हणाला, "एकदा शेवटचं मी म्हणतो. मग त्याला बोलवा." मी त्याला ओळखते, तो हरला की आवाज चढवत नाही, उतरवतो. त्याला एकच गोष्ट हवी होती जन्मात, आणि ती हाताशी येऊन दुसऱ्याच्या गळ्यात चालली होती. मला ते बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी जेवण वाढते, मला दुसरं काही येत नाही.

मी डबे उचलले. भात, भाजलेली वांगी, कढईतून काढलेलं डुकराच्या मटणाचं कुरकुरीत सिसिग आणि बरणीभर बुरो. खोलीच्या दारावर लाल दिवा लागलेला होता. आमच्या चर्चमध्ये वेदीपाशी लाल दिवा असतो, देव घरात आहे याची खूण. तो लागला असला की आत जावं, नमस्कार करावा. मला वाटलं, चला, या धंद्यातही कुणीतरी भाविक माणूस आहे. क्रुसाची खूण केली आणि दार उघडून आत गेले. आत तिघे वाद्यं घेऊन उभे, काचेपलीकडे इलुस्त्रे, आणि छताच्या भोंग्यातून त्याचा आवाज आला, "बाई, बाहेर. आणि पियोंग, कृपा करून आरी नको. अख्ख्या मनिलाला तुझी आरी ऐकवायची आहे का?" पलीकडे कुणीतरी खिंकाळलं.

माझं डोकं फिरलं. डबे तिथेच ठेवले आणि काचेकडे बघून म्हटलं, "आमच्याकडे आरी म्हणजे राजा. तुमच्याकडे तो चड्डीत राहत असेल तर ते तुम्ही बघा. आता गप्प बसा आणि जेवा."

खोटं नाही ते. कपांपांगानमध्ये राजाला आरीच म्हणतात. इतका वेळ सगळे जण त्या ह-च्या मागे लागले होते, की आपल्याच भाषेतला राजा कुणाला आठवला नव्हता.

तिनोंगला हसू आवरेना. हसता हसताच त्याने काठ्यांनी चार ठोके दिले, आणि सवयीचे गुलाम ते, चार ठोके पडले की वाजवायचंच. एन्यो घुसला, पियोंग घुसला. त्याच्यासमोर मेणबत्ती नव्हती आणि बहीण उभी होती. तो छपरावर म्हणाला होता तसं म्हणाला. आरी नांग हाबो. पोट हलवून, कंठ सोडून, अर्धा हसत. मी बुरोची बरणी छातीशी धरून उभी राहिले, मला हलायची भीती वाटली. गाणं संपलं.

फीत चालूच होती. लाल दिवा म्हणजे ते, हे मला नंतर सांगितलं.

इलुस्त्रे आत आला, हातात काही न घेता. त्याने ती फीत पलीकडे दोनदा ऐकली होती. माणूस धंद्याचा होता, तेवढं मी मान्य करते. म्हणाला, "बाईंचं वाक्य ठेवू. आधीच सांगून टाकलं की मग हसणारा कशाला हसेल? उलट सगळे म्हणायला लागतील. फक्त गाणं आपल्या मुलाकडून—"

"नाही," पियोंग म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस बसवाल्याला सुटे परत मागत नाही.

"वाक्य राहिलं तर आवाज माझा राहील," तो म्हणाला. "आवाज त्याचा हवा असेल तर माझी बहीण नाही, तिनोंग नाही, एन्यो नाही. आणि जेवणही नाही."

इलुस्त्रे म्हणाला, "ह चुकलाय." पियोंग म्हणाला, "चुकला नाही. माझा तसाच आहे. पहिल्यांदा गातोय मी, आता आहे तो असा आहे." तिनोंगने ड्रमच्या काठ्या खिशात घातल्या, एन्योने गिटारची वायर काढली. ते दोघेही कधी असे वागले नव्हते. इलुस्त्रेने तिघांकडे बघितलं, मग डब्यांकडे. सिसिगचा वास खोलीभर झाला होता. म्हणाला, "बरं, जेवताना बोलू." मी मनात म्हटलं, बसला हा खाली. माझ्या हातचं खाऊन उठून भांडलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. बाहेर बाकावरच्या त्या मुलालाही मी बोलावून वाढलं. त्याचा काही दोष नव्हता, आणि बुरो त्याने दोनदा घेतला.

तबकडी निघाली. सुरुवातीला माझं वाक्य, मग चार ठोके, मग गाणं. रेडिओवाल्यांनी आधी नाक मुरडलं, मग लावलं, आणि मग त्यांना ते थांबवता येईना. बाजारात मासळीवाल्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "गप्प बसा आणि जेवा." जीपगाड्यांच्या कपाळावर रंगवलेलं दिसायचं, आरी नांग हाबो. अमेरिकन होते तेव्हा इतकी वर्षं वाजवून जे झालं नाही ते झालं. बाकोलोर गाव पुढे ज्वालामुखीच्या चिखलाच्या लोंढ्यात गाडलं गेलं तेव्हा तिथली माणसं तंबूंमध्ये बसून हे गाणं म्हणत होती, आणि त्यांना तरी कुणी हसलं नाही.

दुसरी तबकडी पडली. सरळ सांगते, गाणी बरी नव्हती. एन्योने शब्द लिहिले होते आणि त्यात फार अक्कल होती. मग त्या छोट्या कंपनीला कुलूप लागलं. तिनोंग जपानच्या हॉटेलात वाजवायला गेला आणि तिकडेच लग्न करून बसला. एन्यो मोठ्या जहाजावर, म्हाताऱ्या प्रवाशांना नाचवतो. पियोंग राहिला. तळाच्या जागी हॉटेलं आली, कोरियन पाहुणे आले, तर तो कोरियन गाणी प्लाकादो गायला लागला. मी म्हटलं, "पुन्हा तेच?" तो म्हणाला, "आता फरक आहे, आत्सी. आता मी नोकरी करतो. आधी मी त्या नकलेशिवाय दुसरा कुणी नव्हतोच." पुढे गळ्यात गाठ झाली. गाठ साधी निघाली, पण कापताना आवाज घेऊन गेली. आता तो बोलतो तेव्हा कुणी पोतं ओढतंय असं वाटतं. लोक हळहळले. तो काही हळहळला नाही. त्याने भोंगे आणि गाण्याची यंत्रं भाड्याने द्यायचा धंदा काढला. त्या यंत्रात पडद्यावर शब्द येतात, आपण माइकवर म्हणायचं आणि यंत्र शंभरपैकी गुण देतं. ऑपरेशनच्या आधी एकदा अशाच एका यंत्रावर त्याने स्वतःचंच गाणं म्हटलं, तर त्याला अठ्ठ्याहत्तर मिळाले. मी म्हटलं तर त्र्याण्णव. आठवडाभर मी त्याला जेवायला हाक मारायची ती "अठ्ठ्याहत्तर" अशी.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत बातांगासचा एक बँड आला होता. पोरं विशीची, ड्रमवर एक मुलगी, दंडावर फुलं गोंदलेली. भोंगे पियोंगचे, जेवण माझं. चारच्या उन्हात ती वाद्यं लावून बघत होती. पियोंग आपल्या टेबलाशी बटणं फिरवत बसला होता. त्याला ती 'साउंडवाले तातांग' म्हणत होती, म्हणजे साउंडवाले काका. आणि अचानक त्या ड्रमवाल्या मुलीने माइक ओढला आणि म्हणाली, "आमच्याकडे आरी म्हणजे राजा. तुमच्याकडे तो चड्डीत राहत असेल तर ते तुम्ही बघा. आता गप्प बसा आणि जेवा."

माझ्या हातातला डाव थांबला. माझाच आवाज, माझाच तोरा. 'आता गप्प बसा'च्या आधी मी जो श्वास घेतला होता, तोसुद्धा. मग ठोके, आणि गाणारा पोरगा घुसला. बातांगासची माणसं तागालोग म्हणजे आपल्याच घरची म्हणून मिरवतात. त्यांच्या ह-ला कधी काही झालेलं नाही. पण तो पोरगा गात होता आरी नांग हाबो. जपून, मेहनतीने, आमच्या गल्लीसारखं.

मी पियोंगकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते.

गाणं संपल्यावर मी त्या पोराजवळ गेले. मुद्दामच दटावून म्हटलं, "काय रे, हारी म्हणता येत नाही तुला? ह कुठे ठेवलास?"

"तो नसतोच तिथे, लोला," तो म्हणाला. लोला म्हणजे आजी, हे मला आवडलं नाही, पण सोडून दिलं. "प्लाकात तसंच आहे. ह घातला की ते गाणंच राहत नाही. मी खूप दिवस घासलंय."

मागून पोतं ओढल्यासारखा आवाज आला. पियोंग टेबल सोडून आला होता. "तिसऱ्या कडव्यात," तो म्हणाला, "वाऱ्याच्या ओळीत तू हांगिन म्हणालास. तिथेही ह नाही. आंगिन. मेहनत करायची तर पुरती कर."

पोराने चपापून बघितलं. "खरंच? मला तिथे नीट ऐकूच आलं नाही कधी. गिटार मोठी आहे. तुम्हाला कसं माहीत, तातांग?"

 पियोंगच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि तो ते पुसायच्या भानगडीत पडला नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी चादरींच्या आडून बघायचा तसा, म्हणजे आत्सी, तू सांग.

मी डाव कमरेवर टेकवला आणि पोरांकडे बघून म्हटलं, "आमच्याकडे आरी म्हणजे राजा. आता गप्प बसा आणि जेवा."

ड्रमवाल्या मुलीच्या हातातून काठी पडली. पोराने माझ्याकडे बघितलं, मग साउंडवाल्या तातांगकडे, आणि त्याचा हात हळूहळू डोक्यावरच्या टोपीकडे गेला. मी त्या सगळ्यांना ओळीने बसवलं आणि बुरोची बरणी उघडली.